वणव्याआधीचा जाळ

फार पूर्वी गवताळ डोंगराच्या कुशीत एक गाव होतं. घरं कुडाची, छपरं गवताची. त्यामुळे गावाला एकाच गोष्टीचा धाक होता, वणव्याचा. उन्हं तापायच्या आधी गावकरी गावाभोवतीचा गवताचा पट्टा स्वतःच जाळून काढत. जाळ पुढे सरकू नये म्हणून ओली कांबळी आणि निरगुडीच्या फांद्या घेऊन सगळे उभे राहत. पहिला पलिता लावायचा मान गावच्या राखणदाराचा. मग डोंगरावरून वणवा उतरला, तरी त्या काळ्या पट्ट्यापाशी येऊन तो उपाशी मरायचा.

राखणदार धिप्पाड, आगीला न भिणारा. पण त्याचा सगळा जीव सोनकी नावाच्या एकुलत्या लेकीत अडकलेला.

एका वर्षी खालच्या खोऱ्यात देवीची साथ पसरली. ती वर गावात शिरायच्या आधी एक वैद्यबाई येऊन पोहोचली. पारावर बसून तिनं झोळीतून सुई आणि लस काढली. "दंडाला टोचून घ्या," ती म्हणाली, "म्हणजे देवी अंगाला शिवणार नाही."

"त्रास तर नाही ना होत?" राखणदारानं विचारलं.

नाही म्हटलं असतं, तर तिचं काम सोपं झालं असतं. पण ती म्हणाली, "होतो. दंड सुजतो, फोड येतो, ताप भरतो. वण जन्मभर राहतो. अगदी क्वचित एखाद्याला जास्तही भोगावं लागतं. कोणाला, ते मला आधी सांगता येत नाही."

राखणदाराचा शेजारी खो खो हसला. "ऐकलंत? बाई स्वतःच म्हणते दुखणं येईल! चला रे घरी."

राखणदारही घरी आला. बायको पट्टा जाळायच्या तयारीला लागली होती, कांबळी झटकत होती.

"धडधाकट पोरीला आपल्या हातानं ताप आणू?" तो म्हणाला. "नकोच ते. काही केलंच नाही, तर काही बिघडणार नाही."

"मग यंदा पट्टाही जाळू नका."

"खुळी का काय तू?"

"गेल्या साली ठिणगी उडाली नि आपली गवताची गंजी गेली. चांगल्या गवताला हातानं आग कशाला लावायची?"

"अगं, पण वरून वणवा आला तर..." बोलता बोलता त्याची नजर तिच्या हातातल्या कांबळ्यावर गेली. तो खाली बसला. मग उठला आणि सोनकीचा हात धरून पारावर गेला.

"बाई, जाळ लावून निघून जाणारा माणूस आम्हाला चालत नाही. निखारे विझेपर्यंत थांबावं लागतं."

"सगळ्यांचा ताप उतरेपर्यंत मी हलणार नाही," वैद्यबाई म्हणाली.

राखणदार आला म्हटल्यावर बाकीचेही आले. बाई प्रत्येकाला नीट तपासत होती. एका मुलाच्या अंगावर इसबाचे चट्टे होते. त्याला तिनं परत पाठवलं. "याला आत्ता नको, अशा कातडीला लस बाधते. तुम्ही सगळ्यांनी टोचून घ्या, म्हणजे याच्याभोवती तुमचाच पट्टा होईल."

सोनकीला ताप भरला. दंड टरारून सुजला. कुडापलीकडून शेजारी ओरडला, "सांगितलं नव्हतं?" पण वैद्यबाई उशाशी बसून होती, ओली पट्टी बदलत होती. पोरीनं उठून भाकर मागितली, गावातला शेवटचा ताप उतरला, तेव्हाच बाईनं झोळी उचलली.

पुढे साथ आली. टोचलेल्या घरांवरून ती निघून गेली. चट्टेवालं पोरही वाचलं. शेजाऱ्यानं मात्र दार लावून घेतलं होतं, आणि देवी त्याच दारातून आत शिरली. त्या दिवसांत त्याच्या उंबऱ्यावर पेज घेऊन जायची ती सोनकीच. शेजारी वाचला, पण त्याचा एक डोळा कायमचा गेला.

पुढच्या वर्षी पट्टा जाळायच्या दिवशी ओलं कांबळं घेऊन सगळ्यांच्या आधी तोच हजर होता. सोनकीच्या दंडावरचा वण त्यानं उरलेल्या डोळ्यानं बराच वेळ पाहिला.

"पोरी," तो म्हणाला, "घरात नातू झालाय. बाई पुन्हा आल्या, तर आधी माझ्या दारी घेऊन ये."

राखणदारानं पलिता पेटवला.

तात्पर्य: उपायात धोका किती हे जरूर विचारावं, पण उपाय न करण्यात किती धोका आहे तेही विचारावं, आणि जो दोन्ही खरं सांगून शेवटपर्यंत सोबत थांबतो, त्याच्यावर भरवसा ठेवावा.