कशाशी विसंगत?

एकदा एका विणकरांच्या गावात एका वृद्ध विणकराकडे एक तरुणी विद्या शिकत होती. हात कसबी, पण जीभ जरा तिखट. पंधरा दिवसांनी गावचे जाणकार तिचे पहिले लुगडे पाहणार होते. पसंत पडले तर तिला स्वतःचा माग मिळणार होता. नाही तर जन्मभर दुसऱ्यांच्या मागांसाठी धागा गुंडाळून कांड्या भरणे नशिबी होते.

मागावर गर्द हिरवे उभे धागे चढले होते. आडव्या विणीसाठीही तिने हिरवेच रेशीम सांगितले होते. रंगाऱ्याने पाठवले डाळिंबी, आणि स्वतः महिन्यासाठी परगावी निघून गेला.

"हा रंग विसंगत आहे, बाबा," ती संतापून म्हणाली. "उकिरड्यावर टाकते."

वृद्धाने डाळिंबी रेशमाची कांडी आडवा धागा नेणाऱ्या धोट्यात घातली आणि तिच्याच हिरव्या धाग्यांतून वीतभर विणून काढले.

"बाबा, माझ्या मेहनतीची माती केलीत तुम्ही."

"विसंगत कशाशी, तेवढे सांग."

"हिरव्याशी. आणखी कशाशी?"

"म्हणजे डाळिंबीत दोष नाही. हिरव्यातही नाही. पोरी, हा शब्द एकट्या वस्तूला लावता येत नाही; तो दोघांच्या नात्याविषयी बोलतो. शेजारी ठेवलेस तर हे रंग भांडतील, खरे आहे. पण नाते कसे जोडायचे, हे विणकराच्या हातात असते. टाकून द्यायला तू निघालीस, जोडून कुठे पाहिलेस?"

ती रुसूनच मागाशी वाकली. वीतभर कापड समोरून हिरवे होते. मान कलती केली तर डाळिंबी. ती बराच वेळ मान हलवत राहिली. मग मागावर बसून डाळिंबी धाग्यानेच पुढे विणू लागली.

पंधराव्या दिवशी चौकातल्या उन्हात लुगडे उलगडले. जाणकारांतले सर्वांत खाष्ट आजोबा तीनदा उठले आणि तीन बाजूंनी पाहून आले.

"हे दोन रंग तर विसंगत," ते म्हणाले. "एकत्र आणायचे धाडस कसे केलेस?"

"शेजारी होते तोवर विसंगत होते, आजोबा," ती ताठ मानेने म्हणाली. "आता एकमेकांत आहेत."

आजोबांनी लुगडे स्वतःच्या हाताने घडी घालून तिच्या ओंजळीत ठेवले. त्याच दिवशी तिच्या अंगणात तिचा माग उभा राहिला, आणि वृद्ध विणकर सगळ्या गावादेखत आनंदाने रडला.