गोधडीतली सुई

“मठात उणं दिसलं तर बोलायचं नाही. पण का बोलायचं नाही, बाबा?”

चंदनगिरबाबा गोधडी शिवत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

“दोरा ओवून दे,” ते म्हणाले.

जागृतीने दोऱ्याचं टोक ओठांत ओलं केलं, ओवलं आणि सुई परत दिली. लहानपणापासून हे काम तिचंच होतं. प्रश्न विचारावा आणि उत्तराऐवजी हातात सुई यावी, हेही लहानपणापासूनचंच.

“मी आता आठ वर्षांची नाही,” ती म्हणाली.

“हो. तेव्हा तू एका दमात ओवायचीस.”

...

करंजघाटाच्या पायथ्याचा हा मठ. वर डोंगरावर देवीचं ठाणं. चढण अवघड, म्हणून लोक आदल्या संध्याकाळी खाली मुक्काम करत. त्यांच्यासाठी थोरल्या बाबांनी, म्हणजे चंदनगिरबाबांच्या गुरूंनी, धर्मशाळा बांधली होती. तीन बाजूंना भिंती आणि चौथी बाजू उघडी. दार त्यांनी ठेवलंच नाही.

जागृतीचं बालपण त्या उघड्या बाजूला गेलं. वडील लवकर वारले. थोरले काका विनायकनाना मठाच्या पंचांचे प्रमुख. त्यांनी तिला वाढवलं. शाळेतून आली की ती दप्तर टाकायची आणि मठात पळायची, गोधड्या उन्हात घालायला.

प्रत्येक गोधडीच्या कोपऱ्यात एक सुई खोचलेली असे, दोऱ्याचा वेढा दिलेली. रात्री ज्याच्या पायाचा अंगठा भोकात अडके, तो सकाळी निघण्याआधी तिथे टाका घालून जाई. कुणी सांगत नसे आणि कुणी आभारही मानत नसे.

त्या टाक्यांवरून माणसं ओळखायचा तिला नाद होता. हे बारीक, एकसारखे टाके कासारणीचे. ही सुतळी ट्रकवाल्याची. आणि हे वेडेवाकडे, लाल दोऱ्याचे, नव्या नवरदेवाचे. तो शिवत होता आणि त्याची बायको तोंडाला पदर लावून हसत होती, हे जागृतीने स्वतः पाहिलं होतं. ती गोधडी पुढे कितीतरी वर्षं थंडीत ती हट्टाने स्वतःकडे ओढून घ्यायची.

एकदा पाहुण्यांच्या देखत ती मोठ्याने म्हणाली होती, “बाबा, या गोधडीला भोक पडलंय.” नानांनी तिचा कान धरून तिला बाहेर नेलं आणि नियम सांगितला. मठात उणं दिसलं तर बोलायचं नाही. थोरल्या बाबांचा शब्द आहे. आणि का, ते विचारायचं नाही.

ती रडत परत आली, तेव्हा बाबांनी काही न बोलता तिच्या हातात सुई दिली होती.

...

“ते ताऱ्यांचं काय असतं, सांग पाहू,” बाबा म्हणाले. “नाना रोज तारे तारे करतो. या वयात ज्योतिष शिकतो की काय, मला कळेना.”

जागृतीला हसू आलं. तिने हॉटेल मॅनेजमेंट केलं होतं आणि आता नाशिकला एका संस्थेत होती. हॉटेलं, लॉज, भक्तनिवास अशा राहण्याच्या जागा तपासून त्यांचा दर्जा ठरवायचा, हे त्या संस्थेचं काम. तिने बाबांना सांगितलं, की तारे बहुतेक सोयींवर मिळतात. खोलीला जोडून न्हाणीघर, गरम पाणी, रात्री-अपरात्री आलेल्याला दार उघडणारं माणूस. सोयी वाढतात तसे तारे वाढतात. पण नुसती सोय असून भागत नाही, ती कशी राखली आहे तेही बघतात. गादी मऊ आहे आणि चादर मळकी, तर काय उपयोग? आणि या सगळ्याच्या आधी एक उंबरठा असतो. पाहुणा तिथे सुखरूप आहे की नाही. तो उंबरठा ओलांडला नाही, तर एकही तारा नाही.

“आणि तुझं काम काय त्यात?”

“उणं शोधायचं.”

“शोधून?”

“बोलायचं.”

बाबांनी टाका ओढला.

“चांगलं काम आहे,” ते म्हणाले.

...

उणं तिला सापडलेलं होतं.

जुन्या धर्मशाळेशेजारी पंचांनी मोठं भक्तनिवास बांधलं होतं, तीन मजली. त्याला तारे मिळाले की यात्रा कंपन्यांच्या बसगाड्या मुक्कामाला येणार होत्या आणि त्या उभ्या करायला धर्मशाळा पाडायची असं ठरलं होतं. आपलं गाव आहे, हे जागृतीने ऑफिसात आधीच सांगितलं. साहेब म्हणाले, पहिली पाहणी तू कर, शेवटची दुसरा करील. मात्र तिच्या होकाराशिवाय तो दुसरा येणार नव्हता. पंच होकार घ्यायला आज मठात जमणार होते. घरात नानांनी पेढेही आणून ठेवले होते.

काल रात्री ती तिसऱ्या मजल्यावर राहिली. खोली स्वच्छ होती, चादर पांढरीशुभ्र, नळाला गरम पाणी. गोधडी नव्हती, जाड परीटघडीचं ब्लँकेट होतं. तिने सवयीने त्याचा कोपरा चाचपला आणि मग स्वतःशीच हसली.

पहाटे फिरायला म्हणून ती खाली उतरली, तर जिन्याच्या तोंडाशी लोखंडी चॅनेल गेट. त्याला बाहेरून कुलूप. दुसरा जिना नाही. सगळ्या खिडक्यांना पक्के गज.

गेटापाशी एक वृद्ध गृहस्थ आधीपासून उभे होते. छातीत कोंडायला लागलं म्हणून मोकळ्या हवेत निघाले होते. दोन्ही हातांनी गज धरून, तोंड बाहेर काढता येईल तेवढं काढून, ते श्वास घेत होते.

तिने हाका मारल्या. किल्ली नानांच्या घरी असते, आणि नाना पूजेला बसले की उठत नाहीत, असं राखणदाराने पलीकडून सांगितलं. पूजा आटोपून किल्ली आली, तेव्हा त्या गृहस्थांचे ओठ काळेनिळे पडले होते. ओट्यावर बसून दम खाल्ल्यावर ते तिला हळूच म्हणाले, “कुणाला बोलू नका हं. मठाचं काम आहे.”

...

पंच आले. विनायकनाना, त्यांच्याबरोबर शांतारामआप्पा आणि शाळेतून निवृत्त झालेले पोपटगुरुजी. सतरंजीवर बसले. आप्पांनी पाच ताऱ्यांच्या खाली आपण येणार नाही असं सांगून टाकलं, भाजी घ्यायला बसल्यासारखं. गुरुजींनी गावची लेक एवढी शिकली याचं कौतुक केलं आणि ते कौतुक वाया जाऊ नये असंही सुचवलं.

जागृतीने गेटाचं सांगितलं. गजांचं सांगितलं. त्या गृहस्थांचंही सांगितलं.

“चोऱ्या होतात पोरी,” नाना म्हणाले. “म्हणून कुलूप.”

“आणि रात्री आग लागली तर?”

“एवढ्या वर्षांत मठात कधी आग लागली नाही.”

“लागली असती तरी लोक वाचले असते, नाना. धर्मशाळेला दार नव्हतं.”

आप्पा खाकरले. गुरुजींनी चष्मा काढून पुसायला घेतला.

नानांचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. तिला ते जास्त जड गेलं. याच आवाजात ते तिला परीक्षेच्या दिवशी पहाटे उठवायचे.

“जागृती, तुला मी वाढवलं. त्याबद्दल मी कधी काही मागितलं नाही, आजही मागत नाही. मी फक्त थोरल्या बाबांचा शब्द सांगतो. मठात उणं दिसलं तर...”

“बोलायचं नाही,” तिने वाक्य पुरं केलं.

“मग?”

ती बाबांकडे बघू लागली. बाबा गोधडीकडे बघत होते. त्यांच्या मांडीवर ती लाल दोऱ्याची गोधडी होती. इतका वेळ ती समोर असून तिला दिसली नव्हती.

“मी होकार देणार नाही, नाना. एका ताऱ्यालाही नाही.”

“मठाचा नियम मोडून?”

“नियम एकटा नव्हता. त्याच्याबरोबर सुई होती,” ती म्हणाली. “तुम्ही नियम नव्या इमारतीत नेलात. सुई कुठे ठेवलीत?”

...

आप्पा सतरंजीच्या दशा पिळत राहिले. गुरुजींचा चष्मा पुसून झाला होता, तरी ते पुसत होते. नानांनी कमरेला हात लावला, जिथे किल्ल्यांचा जुडगा होता, आणि तो हात तिथेच राहिला.

बाहेर धर्मशाळेच्या उघड्या बाजूने एक कुटुंब आत शिरत होतं. कुणाची परवानगी न विचारता त्यांनी पिशव्या भिंतीला टेकवल्या.

बाबांनी शेवटचा टाका घातला आणि दोरा दाताने तोडला. मोकळी सुई त्यांनी हातावर घेतली आणि पुढे सरकवली. जागृतीने सवयीने हात पुढे केला.

पण सुई तिच्यासाठी नव्हती. बाबांनी ती नानांच्या मोकळ्या तळहातावर ठेवली होती.

“दोरा ओवून दे त्याला,” बाबा जागृतीला म्हणाले. “टाके तो घालील.”