आगटीची राख

फार पूर्वी, बैलांचे तांडे घाट चढून मुलूखभर जात, तेव्हाची ही गोष्ट. घाटमाथ्यावर एक धर्मशाळा होती. तिथली थंडी अशी, की तांब्यातल्या पाण्यात बोट बुडवलं तर ते आपलंच आहे का असा संशय यायचा. वाटसरूंना आधार एकच, भिंतीत बांधलेली मोठी दगडी आगटी. तिच्यात लोखंडी गजांची जाळी बसवलेली. जाळीवर लाकडं पेटायची आणि राख खाली पडायची.

ही आगटी एक म्हातारी सांभाळायची. उजाडलं की ती आकड्यानं गजांमधली राख पाडायची, खालची राख टोपलीत भरून परसातल्या वांग्यांना घालायची, काजळी खरवडायची आणि मगच नवा जाळ करायची. ऊब सगळ्यांना हवी होती. राख कोण काढतं, हे मात्र कुणी कधी विचारलं नाही.

एकदा एक व्यापारी तापानं फणफणलेला आला. तीन दिवस आगटीशी पडून राहिला, म्हातारीच्या हातचा आल्याचा काढा प्यायला आणि बरा झाला. निघताना त्यानं आगटीतली चिमूटभर राख कपाळाला लावली. पुढच्या बाजारात जाऊन सांगितलं, "त्या राखेनं मी उठलो!" काढ्याचं नाव नाही, म्हातारीचं तर नाहीच नाही.

झालं! लोक अंगारा न्यायला घाट चढू लागले. धर्मशाळेच्या कारभाऱ्याला आजवर काळं कुत्रं विचारत नव्हतं. आता येणारा जाणारा त्याच्याही पाया पडू लागला आणि गडी फुगला. त्यानं आगटीला झेंडूच्या माळा घातल्या आणि फर्मान काढलं, "आजपासून ही राख कुणी हलवायची नाही. हा प्रसाद आहे, केर नव्हे."

"अहो कारभारी," म्हातारी म्हणाली, "अंगारा लागतो चिमूटभर. इथं राख पडते टोपलीभर. खाली ती साठली की वारा जायचा बंद. जाळ गुदमरेल, गज तापून वाकतील."

"तू राख उपसणारी! तुला देवाधर्मातलं काय कळतं?"

म्हातारीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चाळीस वर्षं जिनं त्या आगटीपुढे गुडघे झिजवले, तिलाच हे ऐकवायचं! "मग सांभाळा तुमचा प्रसाद," म्हणत तिनं आकडा कोपऱ्यात फेकला आणि ती ओसरीवर जाऊन बसली.

आठ दिवसांत राख गजांना टेकली. लाकडं नुसती धुमसत होती. लोक डोळे चोळत आगटीला हात जोडत आणि कुडकुडत झोपत. "भोगा आता," म्हातारी मनात म्हणायची. तिला बरंही वाटायचं, खोटं कशाला सांगा!

नवव्या दिवशी सकाळी धुक्यातून एक जोडपं आलं. दोघंही दवानं भिजलेली, बाईच्या पदराखाली दोन महिन्यांचं पोर. त्याचे ओठ निळे पडले होते आणि ते रडतही नव्हतं. बाई धावत आगटीशी गेली, तर तिथं सगळा धूर.

"अहो, जाळ करा हो कुणीतरी! पोर गारठलंय माझं!"

कारभाऱ्यानं पुढे होऊन पोराच्या कपाळाला राखेचं बोट ओढलं. "श्रद्धा ठेव, बाई."

म्हातारी ताडकन उठली. "श्रद्धा? अरे मेल्या, त्याला ऊब हवी आहे!" आकडा घेऊन ती आत आली आणि तिनं माळा ओरबाडून फेकल्या.

"खबरदार! पाप लागेल!" कारभारी आडवा आला.

"माझं पाप मी भोगीन. हे लेकरू गेलं तर ते कुणाच्या माथी मारशील? हो बाजूला!"

तिनं राख उपसायला घेतली. आठ दिवसांचा ढीग तो, आकड्याला दाद देईना. दोन गज वाकून बसले होते, तिथं तिनं हातच घातले. तिला राग कारभाऱ्याचा येत होता, व्यापाऱ्याचा येत होता आणि सगळ्यांत जास्त स्वतःचा. रुसली कारभाऱ्यावर आणि गारठलं कोण? शेवटी खालून वारा शिरला, निखारे लाल झाले आणि लाकडांनी एकदम पेट घेतला.

म्हातारीनं कोरड्या लुगड्यात गुंडाळून पोराला आईच्या छातीशी धरलं. बराच वेळ काहीच होईना. मग ओठांवर लाली आली आणि पोरानं असं भोकाड पसरलं, की परसातली कोंबडी उडाली.

"पाहिलंत?" कारभारी ओरडला. "अंगाऱ्याचा प्रताप!"

बाईनं त्याच्याकडे एकदा पाहिलं. मग पदरानं पोराच्या कपाळावरची राख पुसून टाकली आणि ती म्हातारीकडे वळली. "आजी, तुमचे हात भाजलेत हो."

चाळीस वर्षांत त्या हातांकडे पहिल्यांदाच कुणीतरी पाहिलं होतं. म्हातारीनं राखेनं भरलेली टोपली कारभाऱ्यापुढे सरकवली. त्यानं आजूबाजूला पाहिलं. सगळे जाळाकडे सरकले होते, त्याच्या पाया पडायला कुणीही उठलं नाही. त्यानं टोपली मुकाट्यानं डोक्यावर घेतली आणि तो वांग्यांकडे निघाला.

तात्पर्य: ज्याच्या उबेवर आपण जगतो त्याला हात जोडण्याआधी त्याची राख काढावी, आणि राख काढणाऱ्या हातांना कधी हिणवू नये.