पानामागची हळद

फार वर्षांपूर्वी, घाटाला गाडीवाट नव्हती तेव्हा, आमच्या भेकरवाडीत ठकूमावशी राहायची. वाडीत घराघराच्या कुंपणाला गौरीफळाची झुडपं. काटेरी फांद्या आणि काळी, रसाळ, झुबक्यांची फळं; खाल्ली की जीभ जांभळी. ठकूमावशीचं झुडूप तर इतकं लगडायचं की खाऊन खाऊन पाखरांना उडता यायचं नाही, असं म्हणतात. आता खरंखोटं पाखरांना विचारा!

बाईची रीत एकच. फळ देऊन झालेली फांदी बुडापासून छाटायची, नव्या कोंबांना ऊनवारा मोकळा करून द्यायचा. लोक हळहळायचे, "अगं, जिनं खाऊ घातलं तिलाच कापतेस?"

"तिचं देऊन झालं. आता नुसती दाटी करते," मावशी म्हणायची. पण ऐकतंय कोण! बाकीच्या कुंपणांत वाळक्या फांद्यांचं रान माजलेलं.

एका साली पानांच्या पाठीवर पिवळीजर्द पूड दिसू लागली. झालं! देवीनं हळद धाडली म्हणून वाडी नाचली. लोक ती पूड कपाळाला लावायचे, चिमूटभर शेजाऱ्याच्या झुडपालाही वाहायचे. आणि जिथं वाहिली तिथं पुढं फळच धरेना.

ठकूमावशी देवळापुढं उभी राहिली. "अरे बाबांनो, हा रोग आहे. देवी हळद लावेल तर कपाळाला लावेल, पानाच्या पाठीला कशाला लपवेल? असली झुडपं मुळासकट खणून जाळा, नाहीतर वाडीत एक फळ उरायचं नाही."

गुरव भडकला. "देवीची हळद जाळायची? आधी तुझं झुडूप दाखव!"

"चला की!" मावशीला खात्री होती. ते झुडूप तिच्या आईनं सासरी पाठवताना दिलेलं, आणि आईची तेवढीच आठवण उरलेली. सगळी वाडी मागं उभी. मावशीनं वाकून काट्यांआडचं एक पान उलटलं. पाठ पिवळी! दिसलं फक्त तिला. पान सोडून दिलं असतं तर कुणाला कळलंही नसतं.

तिच्या डोळ्यांना धार लागली. पण ती ओरडून म्हणाली, "माझ्याच झुडपाला लागलाय गं बाई, माझ्याच!" आणि रडत रडतच तिनं कुदळ उचलली.

मग कोण गप्प बसणार? गुरवच आधी धावला, आपलं झुडूप खणून तिच्या जाळात टाकलं. मागोमाग ज्यांच्या ज्यांच्या पानामागं पिवळं निघालं ते सगळे. तो धूर इतका पिवळा झाला की खोऱ्यातल्या गावांना वाटलं आज सूर्य इकडूनच उगवतोय, असं म्हणतात.

ज्यांची झुडपं धड राहिली, त्यांनी एकेक मुळं धरलेली फांदी मावशीच्या दारात लावली. पुढं तिथं अशी फळं आली की एक फळ संपवायला दोन पोरं लागायची. हसू नका, आमच्याकडं असंच सांगतात!

अजूनही फळं संपली की वाडी एकत्र जमते. जुन्या फांद्या छाटायच्या आणि ज्यानं त्यानं आपल्याच झुडपाची पानं उलटून बघायची. ज्याला पिवळं दिसतं तो लपवत नाही. हात वर करून ओरडतो, "ठकूमावशी, यंदा माझंच गं!" त्याचं झुडूप जळतं, आणि त्याच संध्याकाळी घरटी एकेक फांदी घेऊन सगळी वाडी त्याच्या दारात येते.

नवी सून असली तर फार घाबरते हो ओरडायला. मग तिच्याबरोबर आम्ही सगळेच ओरडतो.