तांबड्याची ठकूबाई

आमच्या गावाच्या, कातळवेढ्याच्या, मागं जो डोंगर आहे ना, त्याला तांबडा म्हणतात. पाहुणे हसतात. म्हणतात, अहो, हा तर राखाडी आहे, याच्यात तांबडं काय आहे? हसू द्या. त्यांना ठकूबाईची गोष्ट ठाऊक नाही.

फार वर्षं झाली त्याला. माझ्या पणजीनं ही गोष्ट तिच्या पणजीकडून ऐकली, यावरून काय ते समजा. तेव्हा पावसाळा सरता सरता तांबड्यावर लाखी उगवायची. लाखी म्हणजे वीतभर झाड. पानं लाखेसारखी लाल, आणि जमिनीखाली सुपारीएवढा कंद. सगळा उतार असा लाल व्हायचा की खोऱ्यापलीकडचे लोक डोंगराला आग लागली म्हणून हंडे घेऊन धावत यायचे, असं म्हणतात. आता एका आईच्या पोरांत एक गोरं, एक सावळं निघतंच की. तसं लाखीतही एखादं झाड फिकट पानाचं निघायचं, एखादं तर अगदी दगडाच्या रंगाचं. त्याचं बी पडलं की त्याची पोरंही बहुधा तसलीच. पण हजारात अशी दहा. त्यांना विचारतो कोण?

ठकूबाई गावाची वैदीण. त्या दिवसांत लहान पोरांना गळेताप धरायचा. गळा आतून सुजायचा, पाण्याचा घोट उतरायचा नाही, आणि चौथ्या दिवशी पोर जायचं. लाखीचा कंद उगाळून चाटवला की सूज उतरायची. ठकूबाई अंगणात पाय ठेवायची आणि नुसत्या वासावर सांगायची, ताप कितव्या दिवसाचा आहे ते. तिच्या हातून एकही पोर गेलं नव्हतं, असं म्हणतात.

ही विद्या तिला आईनं दिली, आणि विद्येबरोबर एक नेम दिला. आई म्हणाली, "ठके, डोंगर धुंडाळायचा न्हाय. चालता चालता जी दिसंल ती आपली. जी दिसणार न्हाय ती डोंगराची. तिनं बी टाकायचं, आपल्या लेकराबाळांसाठी."

बघा, किती शहाणा नेम! हावरटपणा नाही, ओरबाडणं नाही. ठकूबाईनं तो जन्मभर पाळला. कधी दगड उलथला नाही, कधी गवत बाजूला सारलं नाही. दिसली की हात जोडायची, खणायची आणि पुढं जायची.

तरुणपणी न्याहारीच्या आत तिची पाटी भरायची. चाळिशीत दुपार व्हायला लागली. साठीला दिवस मावळला तरी पाटीचा तळ झाकेना. "डोळे गेले गं माझे," असं ती सुनेला, भागीला म्हणायची. डोळ्यांत मध घालून बघितला, लोणी घालून बघितलं. अहो, डोळ्यांना काय झालं होतं? सुईत दोरा ती अजून एका झटक्यात ओवायची. पण माणसाला आपलं म्हातारपण आधी आठवतं. तिनं दुसरा काही विचारच केला नाही.

मग एका भादव्यात गळेताप तिच्याच घरात शिरला. नातीला धरलं त्यानं, येसूला. पाच वर्षांची पोर, सारा दिवस आजीचा पदर धरून फिरणारी. घरात कंदाचं नखभरही उरलं नव्हतं.

"आत्याबाई, घेऊनच या," भागी म्हणाली. तिच्या मांडीवर येसू तापानं फणफणत होती. ठकूबाई तशीच अनवाणी निघाली.

तीन दिवस ती तांबड्यावर हिंडली. सापांनी वाट सोडली, काटेरी जाळ्यांनी अंग चोरलं, तहान लागली तेव्हा कातळानं घाम गाळून तिला पाणी पाजलं, असं म्हणतात. डोंगरानं सगळं दिलं, एक लाल पान तेवढं दिलं नाही. तिसऱ्या दिवशी उन्हं चढल्यावर तिला लांब उतारावर लाल दिसलं. "आली गं बाई!" म्हणून म्हातारी धावत सुटली. जवळ जाऊन बघते तर तिच्याच टाचेचं रक्त. सकाळी ती तिथूनच गेली होती.

ठकूबाई तिथंच मटकन खाली बसली आणि हंबरडा फोडला. रडता रडता तिनं एका दगडावर हात टेकला, आणि दगड वाकला.

ते पान होतं. दगडाच्या रंगाचं, दगडासारखंच खरबरीत दिसणारं. तिनं वाकून बघितलं. त्याच्या शेजारी दुसरं, त्याच्या पलीकडं तिसरं. सगळा उतार लाखीनं भरलेला होता. तीन दिवस ती लाखी तुडवत लाखी शोधत होती.

नखांनी उकरून तिनं कंद काढले आणि ती उतरली. वेशीशीच तिला भागीचं रडणं ऐकू आलं. येसू सकाळीच गेली होती.

"कुठं व्हता, आत्याबाई? तीन दिस कुठं व्हता?" भागीनं विचारलं.

ठकूबाईनं मूठ उघडून दाखवली. "हितंच व्हते गं. ह्यातच बसले व्हते," ती म्हणाली. मग शेजारी कुंभाराच्या घरातही पोर तापलं होतं, तिथं जाऊन तिनं तो कंद उगाळला. कुंभाराचं पोर वाचलं. तिच्याच्यानं त्याच्याकडं बघवेना.

गाव जमलं. भगत म्हणाला, लाखी रुसली, तिनं रंग चोरला, काळा बोकड द्या. तेव्हा ठकूबाई उठली.

"रुसायला ती काय सासुरवाशीण हाय? तुमच्या कोंबड्या बघा. पांढरं पिल्लू घारीला दुरून दिसतं, ती उचलती. मातकट पिल्लू वाचतं, तेच अंडी घालतं. आता गावात एक तरी पांढरी कोंबडी ऱ्हायली का? कुणी रंग बदलला? एकीनंबी न्हाय. पांढऱ्या गेल्या, मातकट उरल्या. लाखीचं तेच झालं. लाल दिसली, ती आम्ही खणली. माझ्या आजीनं, आईनं, मी. दगडाच्या रंगाची दिसली न्हाय, तिचं बी पडलं. आम्हाला वाटलं, आम्ही डोंगराचा वाटा ठेवतोय." मग तिनं छातीवर हात मारला. "तांबड्यावरची घार मीच व्हते."

तिनंच नवा नेम सांगितला. लाल दिसली तर सोडायची, दगडाच्या रंगाची शोधून खणायची. लाल वाढल्या तर पुढच्या कुठल्या आजीला तीन दिवस हिंडावं लागणार नाही. त्यानंतर ती जगली तोवर रोज डोंगरावर जाऊन लाल झाडांना दगडांचं आळं घालायची. एक दिवस ती उतरलीच नाही. डोंगरानं तिलाही आपल्या रंगाची केली, असं म्हणतात.

अजून भादवा लागला की सारं गाव तांबड्यावर चढतं. आम्ही गुडघ्यांवर रांगतो, बोटांनी दगड न् दगड चाचपतो आणि राखाडी लाखी तेवढी खणतो. मध्येच लाल पान दिसलं तर खणायचं नाही. "येसू आली गं!" म्हणून हाक द्यायची आणि पुढं सरायचं. उतारभर सगळे हात जोडून कपाळाला लावतात.

बोलायला सोपं आहे. मागं एकदा एका परटिणीचं एकुलतं पोर घरात तापलं होतं. त्या साली पाऊस कमी, लाखी विरळ. दिवसभर रांगून कुणालाच एकही राखाडी सापडली नाही आणि दिवस कलताना तिच्या पुढ्यात लाल पान आलं. कंद दोन बोटं मातीखाली. आजूबाजूच्या सगळ्यांनी तोंडं फिरवली. तिनं खणलं असतं तर कुणी काही बोललं नसतं. बाईनं मातीत बोटं खुपसली आणि तशीच बाहेर काढली. मग तिनं हलक्या आवाजात येसूच्या नावानं हाक दिली आणि रांगत पुढं गेली.

तिचं पोर वाचलं की नाही, हे कुणी सांगत नाही. त्या लाल झाडाचं बी मात्र पडलं. गेल्या भादव्यात आम्ही तांबड्यावर अकरा येसू मोजल्या.