मिटलेल्या शिंपल्यापुढे वाचन

फिनलंड देशात एकदा एक समुद्रशास्त्रज्ञ स्त्री राजकारणात शिरली आणि तीन वर्षांतच जेरीस आली. हेल्का तिचे नाव. बावीस वर्षे तिने बाल्टिक समुद्राचा तळ अभ्यासला होता. शेतांतले खत वाहून समुद्रात येते, त्यावर शेवाळ माजते आणि तळाशी प्राणवायू उरत नाही, हे तिने सप्रमाण दाखवले. तिचे अहवाल कोणी वाचेना, म्हणून ती निवडणूक लढली, जिंकली आणि संसदेच्या शेती समितीवर गेली. तिथे खतावर निर्बंध घालणारे तिचे विधेयक सात वेळा पुढे ढकलले गेले. दर वेळी आडवा येई तो अर्मास नावाचा, किनाऱ्यालगत शेती करणारा सभासद.

सातव्या बैठकीनंतर तिने राजीनामा लिहिला आणि आपल्या वृद्ध गुरूंचे बेट गाठले.

"सर, आकडे दाखवले, नकाशे दाखवले! अर्मास नुसता म्हणतो, ‘पुढच्या बैठकीत बघू.’ माझे डोके फुटायची वेळ आली आहे."

धक्क्याखालच्या खडकावरून गुरूंनी एक जिवंत शिंपला सोडवून आणला, टेबलावर ठेवला आणि तिचाच अहवाल त्याला मोठ्याने वाचून दाखवू लागले. दोन पाने झाली. मग ते शिंपल्यावर खेकसले, "उघड की! एवढे समजावतोय, कळत नाही?"

हेल्का वैतागली. "सर, थट्टा पुरे. पाण्याबाहेर तो कसा उघडेल? समुद्राच्या पाण्यात ठेवा, हलवू नका, थांबा. आपणहून उघडेल."

"तू शिंपल्यांपाशी महिना महिना बसायचीस. कधी चिडलीस त्यांच्यावर?"

"नाही."

"तळातला प्रत्येक जीव काय खातो, कशाला बिचकतो, हे तुला ठाऊक आहे. अर्मास तीन वर्षे तुझ्यासमोर बसतो आहे. तो कशाला बिचकतो?"

"ते मी कधी पाहिलेच नाही."

"अज्ञान तुझे आणि राग त्याच्यावर! संसदेत जाताना तू ज्ञान बरोबर नेलेस, जिज्ञासा मात्र इथेच ठेवलीस. आधी निरीक्षण कर. राजीनामा कुठे पळून जात नाही."

हेल्का चडफडतच अर्मासच्या शेतावर गेली. त्याचा ट्रॅक्टर चिखलात रुतला होता.

"बघा बाई," तो म्हणाला, "तुमच्या विधेयकात खत टाकायला तारखेची मुदत आहे. माझे रान वाळेपर्यंत ती उलटून जाते. ओल्या रानात खत टाकू नका म्हणा, मी आज कबूल होतो."

"मग समितीत का बोलला नाहीत?"

"तुम्ही लगेच आलेख काढला असता."

तिला राग आला, कारण ते खरे होते. त्या दिवशी तिने फक्त प्रश्न विचारले. आठव्या बैठकीत तारखेऐवजी ओलीची अट आली आणि अर्मासने विधेयकाच्या बाजूने हात वर केला.

बाहेर पडताना त्याने हळूच विचारले, "बाई, माझ्या शेतापुढच्या समुद्रात, तळाशी, खरेच काही जिवंत उरले नाही?"

सात बैठका मी हेच तर ओरडून सांगत होते! शब्द अगदी ओठांवर आले. हेल्काने ते गिळले.

"उद्या होडीतून चला," ती म्हणाली. "आपण दोघे बघू."