चुना अजून ओला आहे

खूप खूप जुनी गोष्ट आहे, मुलांनो. थोरांनो, तुम्हीही ऐका. एका राज्याच्या मधोमध मोठी नदी वाहत होती. पूर आला की होड्या बंद पडत आणि अलीकडची माणसं अलीकडे, पलीकडची पलीकडे अडकून राहत. म्हणून राजाने दगडी पूल बांधायचं ठरवलं आणि ते काम सगुणाबाई नावाच्या स्थपतीवर सोपवलं.

सगुणाबाईंची एक रीत होती. दिवस कलला की पाथरवट, सुतार, चुनेवाले अशा सगळ्यांच्या मुकादमांना त्या नदीकाठी एकत्र बसवत आणि प्रत्येकाला एकच गोष्ट विचारत, "आज कामात काय खटकलं?"

कोणी म्हणे, दोर झिजलाय. कोणी म्हणे, दगडाला चीर दिसतेय. वाईट बातमी आणणाऱ्यावर बाई कधी डाफरत नसत.

प्रधानाला हे पसंत नव्हतं. "रोजचं हे रडगाणं कशाला? सगळं ठीक आहे म्हणावं, सगळे खूश!"

"सगळे खूश राहतील, प्रधानजी," बाई म्हणत, "पण पूल राहील का?"

पूल पुरा होत आला आणि राजकन्येचं लग्न ठरलं. नवरदेवाची वरात नव्या पुलावरून यावी, अशी राजाची हौस. पलीकडच्या काठावर हत्ती-घोड्यांसह वऱ्हाड येऊन उतरलं.

लग्नाच्या आदल्या दिवशी बैठक बसली. केरबा सुतार म्हणाला, "बाई, मधल्या कमानीखालचे लाकडी आधार उद्या सकाळी वरातीआधी काढा, असा प्रधानजींचा हुकूम आलाय. माझी माणसं तयार आहेत."

मग सुभानाची पाळी आली. तो चुन्याच्या भट्टीचा मुकादम. मान खाली घालून बसला होता.

"सुभाना, बोल ना."

"बाई, जुन्या खाणीतली चुनखडी संपली. मधल्या कमानीला मी नव्या खाणीतली वापरली. वाटलं, चुना तो चुना. पण हा फार सावकाश धरतोय. अजून ओला आहे, नखाने उकरला जातो." त्याने वर पाहिलं. "चूक माझी आहे."

केरबाने चमकून त्याच्याकडे पाहिलं. एकाला चुन्याचं ठाऊक नव्हतं, दुसऱ्याला हुकमाचं. दोन्ही गोष्टी शेजारी आल्या आणि साऱ्यांना कळलं, उद्या आधार काढले असते तर कमान वरातीसकट कोसळली असती.

सगुणाबाई उठल्या. "सुभाना, नवा माल लावण्याआधी विचारायचं होतंस. पण आज बोललास, फार मोठं काम केलंस. केरबा, आधारांना कोणी हात लावायचा नाही आणि वरातीचा भारही पुलावर येऊ द्यायचा नाही."

त्या तडक राजवाड्यावर गेल्या. सगळं ऐकून राजा भडकला. "वऱ्हाड काय होडीतून आणू? व्याही हसतील!"

"हसू द्या, महाराज. हसणारी माणसं जिवंत तर राहतील. आपण सकाळी नदीवर या. काठच्या पाण्याच्या पाटावर मोठीच्या आधी बांधलेली एक लहान कमान आहे; सुभाना सांगतो, तिलाही हाच चुना लावलाय. तिचे आधार आपल्यादेखत काढते. ती टिकली तर माझं पद काढून घ्या आणि वरात खुशाल पुलावरून न्या."

सकाळी राजा आला. मागोमाग प्रधान आला. केरबाच्या माणसांनी लांब उभं राहून दोर ओढले. आधार निघाले. कमान क्षणभर जागच्या जागी राहिली, मग मधोमध वाकली आणि धाडकन पाटात कोसळली.

राजाने पलीकडच्या काठाकडे पाहिलं. तिथे सनई वाजत होती.

"प्रधानजी," तो हळूच म्हणाला, "होड्या सजवा."

वरात होड्यांतून आली. व्याही हसले नाहीत. झेंडूच्या माळा पाण्यावर डुलताना पाहून ते खूशच झाले. लग्न थाटात लागलं.

चुना दगडासारखा घट्ट झाल्यावरच मधल्या कमानीचे आधार निघाले. कमान केसभरही हलली नाही. राजाने सुभानाला शेला दिला. प्रधानही मग कधी कधी बैठकीला येऊन बसू लागला आणि निमूट ऐकू लागला. पुढे कितीतरी पूर आले आणि पुलाखालून निघून गेले.

तात्पर्य: कामातली खोट वेळेवर चारचौघांत सांगितली तर तिच्यावर उपाय होतो, लपवली तर तीच घात करते.